माझ्या पोटातली होळी

मित्रांनो, मी एक जुनी चिमिनिया आहे. नाव ऐकून गोंधळू नका. चिमिनिया म्हणजे घराबाहेर बागेत ठेवायची मातीची शेगडी. खाली गरगरीत पोट, पोटाला पुढून एक रुंद तोंड आणि वर उंच मान. पोटात लाकडं पेटवायची, धूर मानेतून सरळ आभाळात जातो आणि ऊब समोर बसलेल्यांना मिळते. काम सोपं आहे आणि ते मी उत्तम करते. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण दुसऱ्या कुणी ती वेळेवर केली नाही तर माझ्यासारखीनं किती दिवस वाट बघायची?

मी राहते लंडनच्या वायव्येला, पिनर नावाच्या शांत उपनगरात, अरुणाबाईंच्या मागच्या बागेत. लोखंडी तिवईवर उभी असते, तोंड पूर्वेला. माझ्या पोटावर उजव्या बाजूला एक लांबलचक काळा व्रण आहे. नवीन पाहुणा आला की त्याची नजर आधी तिथंच जाते. "अरेरे, फुटली वाटतं!" असं कुणीतरी म्हणतंच. मी मनातल्या मनात हसते. मी फुटलेली नाही, मला तडा गेला होता. तो कसा गेला आणि त्याच्यापायी या घरातली होळी कशी हातची जाता जाता राहिली, ते तुम्हाला सांगते.

माझं माहेर मेक्सिकोत. तिथल्या एका कुंभारवाड्यात तांबड्या मातीचा माझा गोळा पायांनी तुडवून मऊ केला गेला. पोट वेगळं घडवलं, मान वेगळी, आणि मग एका बाईनं ओल्या अंगठ्यानं दोन्हींचा सांधा दाबून दाबून एक केला. तिच्या अंगठ्याचे ठसे आतल्या बाजूला अजून तसेच आहेत. बाहेरून कुणाला दिसत नाहीत, पण मला ठाऊक आहेत. त्या बाईला घाई करणं माहीतच नव्हतं. सावलीत वाळवलं, मग उन्हात, मग भट्टीत. आमच्या घराण्यातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या घरांना ऊब दिली, भाकरी भाजल्या. असं मोठं घराणं मागे असलं की माणूस ताठ मानेनं उभं राहतं, आणि माझी मान तर मुळातच ताठ.

मग गवतात गुंडाळून, जहाजात बसवून मला इंग्लंडला पाठवलं. इथं वॉटफर्डच्या बाजूला झाडं-कुंड्या विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात माझी रवानगी झाली. शेजारी कोण, तर प्लास्टिकचे बुटके, दाढीवाले, लाल टोपीतले बाहुले! एका बाईंनी माझ्या तोंडात हात घालून विचारलं, "यात जिरेनियम कसं दिसेल?" मी मूग गिळून बसले. अग्नीसाठी जन्मलेल्या बाईला फुलदाणी म्हणणं म्हणजे फारच झालं.

अशात फेब्रुवारीत एक दिवस परीक्षित आला. अरुणाबाईंचा मुलगा. चाळिशीचा, इथंच जन्मलेला, कानात फोनची बोंडं आणि फोनवर मीटिंग चालू. दुकानातल्या मुलीनं त्याला तीन गोष्टी नीट समजावून सांगितल्या. पोटात खाली वाळू भरायची. सुरुवातीचे काही जाळ अगदी लहान ठेवायचे, म्हणजे माती सावकाश पक्की होते. आणि तापलेली असताना पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. परीक्षित प्रत्येक वाक्याला "येस, येस, ग्रेट" म्हणत होता. त्यातलं निम्मं तिला होतं आणि निम्मं मीटिंगला. घरी पोचेपर्यंत त्याच्या लक्षात फक्त वाळू राहिली.

घरी अरुणाबाई दारातच उभ्या होत्या. बाई एके काळी शाळेत गणित शिकवायच्या. अजूनही एक भुवई वर केली की समोरच्याला आपलं उत्तर चुकलं असं वाटायला लागतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आत जाऊन हळदीकुंकवाचा करंडा आणला आणि माझ्या पोटावर ठसठशीत कुंकू लावलं.

"हिचं तोंड पूर्वेला कर," त्या परीक्षितला म्हणाल्या.

"आई, इट्स अ चिमिनिया."

"म्हणून काय झालं? घरात आली ना?"

त्या क्षणी मी ठरवलं, या बाईसाठी जळायचं.

आता कमलाकररावांबद्दल सांगायला हवं. अरुणाबाईंचे यजमान. हे घर घेतलं त्या वर्षापासून दर होळीला याच बागेत ते होळी पेटवत. पाला जाळायचा पत्र्याचा एक पिंप होता, त्यात लाकडं रचायची, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि एक अख्खा नारळ आगीत टाकायचा. नारळ भाजला की काठीनं बाहेर ओढून त्याचं खोबरं सगळ्यांना वाटायचं. आणि मग कमलाकररावांची बोंब. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, होळीला तोंडावर उलटा हात मारत मोठ्यानं ओरडायचं असतं. त्याला बोंब मारणं म्हणतात आणि त्या एका दिवशी ती मारल्याबद्दल कुणी रागावत नाही. कमलाकररावांची बोंब पिनर स्टेशनच्या फलाटावर ऐकू जायची असं लोक सांगतात. मी काही ती ऐकलेली नाही. पण सांगणारे इतके आहेत की मी विश्वास ठेवते.

कमलाकरराव गेले. त्यांच्या मागून आलेली पहिली होळी, वर्ष सरलं नव्हतं म्हणून झालीच नाही. दुसरी होळी आली तोवर पिंपाचा तळ गंजून गळून पडला होता. शेजारी कीथ नावाचे एक निवृत्त गृहस्थ नव्यानं राहायला आले होते आणि त्यांच्या बायकोला दमा होता. परीक्षितला हे सगळं निमित्त पुरेसं होतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, त्यामुळे मायलेकांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं.

"आई, आपण हॉलमध्ये जाऊ ना. मंडळाचं सेलिब्रेशन असतं तिकडे. पार्किंग पण आहे."

"पार्किंगसाठी होळी करतात का रे?"

"कीथच्या वाइफला अस्थमा आहे. स्मोक झाला तर?"

"म्हणून तर ही आणायला लावली तुला. हिचा धूर वर जातो."

"ओके. पण लास्ट टाइम. काही प्रॉब्लेम झाला तर नेक्स्ट इयरपासून हॉल. डील?"

"डील," असं म्हणून अरुणाबाईंनी हात पुढे केला आणि खरंच त्याच्याशी हात मिळवला. गणिताच्या बाईंचा शब्द तो. म्हणजे या घरातली होळी राहणार की जाणार, ते आता माझ्यावर होतं. पण मी घाबरट नाही. मी म्हटलं, होऊन जाऊ दे.

होळीची संध्याकाळ आली. आभाळ ढगांनी भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही. परीक्षितची बायको मीनल, ती पुण्याची, तिनं सकाळपासून पुरण घाटलं होतं. नऊ वर्षांची अन्वी हातात टॉर्च घेऊन सगळ्यांच्या पायात येत होती. कमलाकररावांच्या वेळचे चार जुने स्नेही जाडजूड कोट घालून आले होते. माझ्या पोटात लाकडं रचली होती. रचली कसली, ठासली होती. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या जाळीच्या पिशवीतले ओंडके, सफरचंदाच्या वाळक्या फांद्या, वेम्बलीतल्या भारतीय दुकानातून आणलेल्या गोवऱ्या. दोन वर्षांची होळी एकदम करायची असावी असा थाट होता.

अरुणाबाईंनी काड्यापेटी परीक्षितपुढे धरली. "तू लाव. बाबा लावायचे."

परीक्षितनं दोन्ही हात खिशात घातले. "तूच लाव आई. मला नाही जमणार." आणि तो मागे जाऊन दाराशी उभा राहिला.

मला त्याचा राग आला. म्हटलं, साहेबांना लाज वाटतेय. शेवटी अरुणाबाईंनीच वाकून काडी ओढली.

मित्रांनो, तो माझा पहिला अग्नी. ज्यासाठी जन्मले ते एकदाचं पोटात आलं. तुपाची धार पडली, पोळीचा घास पडला, ज्वाला माझ्या मानेपर्यंत चढली आणि धूर अगदी सरळ वर गेला, कीथच्या कुंपणाकडे ढुंकूनही न बघता. मी अभिमानानं फुलले. आणि त्याच वेळी मला आतून कळत होतं की हे फार आहे, फार लवकर आहे. माझी माती अजून कोवळी होती. उजव्या कुशीवर कुठंतरी केसाएवढी एक रेघ चरचरत निघाली. पण घरातल्या सगळ्यांचे चेहरे माझ्या उजेडात लाल झाले होते आणि अरुणाबाई कितीतरी दिवसांनी हसत होत्या, असं मीनल त्या पाहुण्यांना सांगत होती. अशा वेळी कण्हायचं कसं?

मग आला नारळ. अख्खा, शेंडीसकट, आत पाणी डुचमळणारा. "नीट भाजू दे," असं म्हणत अरुणाबाईंनी तो काठीनं माझ्या पोटात अगदी मागे ढकलला.

उघड्या पिंपात नारळ फुटला तर आवाज आभाळात जातो आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण माझं पोट चहूबाजूंनी बंद. आतलं पाणी तापलं, त्याची वाफ झाली, वाफेला वाट मिळेना. आणि एका क्षणी धडाम्! तोफ उडावी तसा आवाज झाला. माझ्या तोंडातून निखारे उडाले, मानेतून ठिणग्यांचं कारंजं निघालं, कुशीवरची रेघ खांद्यापर्यंत धावली. सगळे मागे सरकले. अन्वी किंचाळली. कुणाला काही लागलं नाही, एवढं नशीब.

तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका आजोबांना वाटलं, झाली वाटतं होळी. त्यांनी तोंडावर हात मारून सणसणीत बोंब ठोकली. मग काय, बाकीच्यांनीही ठोकली.

आता कुंपणापलीकडे कीथच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आधी स्फोट. मग लहान मुलीची किंचाळी. मग अर्धा डझन माणसांचा आरडाओरडा आणि फळ्यांच्या फटींतून दिसणारा लालभडक उजेड. त्या भल्या माणसानं क्षणाचाही विचार केला नाही. त्याच्या बागेतल्या नळाला पाइप कायम जोडलेला असतो. त्यानं नळ पूर्ण सोडला, खुर्चीवर चढला आणि कुंपणावरून पाण्याचा फवारा थेट माझ्यावर धरला. "एव्हरीबडी आउट?" तो ओरडत होता. सगळेजण आधीपासूनच बाहेर होते हो! आणि आता ओलेही होते.

माझ्या आत निखारे आणि अंगावर मार्च महिन्यातलं गारेगार पाणी. कटकन आवाज आला. तोंडाच्या उजव्या कडेपासून कमरेपर्यंत मी उलले. दुखलं. खोटं कशाला सांगू, फार दुखलं. पण दोन तुकडे मी होऊ दिले नाहीत. त्या मेक्सिकोतल्या बाईचा अंगठा कच्चा नव्हता.

पाणी थांबलं. कीथ कुंपणावरून आमच्याकडे बघत होता, आम्ही त्याच्याकडे. पुरणपोळ्यांचं ताट पाण्यानं भरलं होतं. शेवटी परीक्षित दाराशेजारून पुढे आला, आईच्या खांद्यावर त्यानं आपला कोट घातला आणि हळू आवाजात म्हणाला, "बास आई. डील."

अरुणाबाईंनी होकारार्थी मान हलवली. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी माझी रवानगी शेडच्या मागे झाली, कंपोस्टच्या पिंपाशेजारी. "नेक्स्ट सॅटर्डेला टिपला नेतो," परीक्षित म्हणाला. टिप म्हणजे कौन्सिलची भंगार टाकायची जागा. तो शनिवार काही येईना. कधी अन्वीचं पोहणं, कधी क्रिकेट, कधी नुसताच कंटाळा. त्या मुलाच्या आळसावर मी तगले, हे मी कधीच विसरणार नाही.

पण ते दिवस वाईट होते. माझ्या मानेवर झाकण नव्हतं. पाऊस सरळ पोटात यायचा आणि वाळूचा चिखल व्हायचा. गोगलगाई आत राहायला आल्या, भाडं न देता. डॅफोडिल्स येऊन गेली, ट्युलिप्स येऊन गेले आणि अरुणाबाई बागेत आल्या नाहीत. ज्या बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन गुलाबांची हजेरी घ्यायच्या, त्या खिडकीचा पडदासुद्धा उघडेनात. तडा मला गेला होता, पण त्याहून खोल काहीतरी त्यांच्यात तडकलं होतं. पलीकडे कीथही आमच्या बाजूचे पडदे ओढून बसलेला असे. एक नारळ, आणि दोन्ही घरं मुकी.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी भाजीची सालं टाकायला अरुणाबाई शेडमागे आल्या. मला बघून थबकल्या. वाकून आत पाहिलं. "काय गं ही दशा!" असं म्हणत त्यांनी गोगलगाई एकेक करून काढल्या आणि त्यांना चांगलं सुनावलं. मग घरात जाऊन जुन्या कढईचं झाकण आणलं आणि माझ्या मानेवर ठेवलं. ते असं चपखल बसलं की जणू माप घेऊन केलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

त्या एक बादली पालथी घालून माझ्यासमोर बसल्या. तड्यावरून बोट फिरवलं. आणि मग बोलल्या, माझ्याशीच.

"मातीचं नवं भांडं कुणी पहिल्याच दिवशी भडक्या जाळावर चढवतं का? आमची आई खापर आणायची बाजारातून. आधी मंद निखाऱ्यावर नुसतं ठेवायची. मग जरा वाढवायची. चार-पाच दिवस त्यावर काही भाजायचं नाही. मी तिच्या शेजारी बसून बघितलंय हे सगळं. आणि तुला बघून मला एकदाही आठवलं नाही." त्यांनी नाक पुसलं. "घाई झाली होती गं मला. सगळं आधीसारखं व्हायला हवं होतं, एकाच संध्याकाळी."

मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. नाहीतर म्हटलं असतं, बाई, अजून उशीर झालेला नाही.

त्या दिवशी मीनल आणि अन्वीला हाताशी घेऊन त्यांनी मला पुन्हा उन्हात आणलं. जुनी वाळू काढून कोरडी भरली. मी पूर्ण वाळेपर्यंत काडी लावली नाही, कितीही मोह झाला तरी. मग एका संध्याकाळी मूठभर काटक्यांचा जाळ केला. चहाचा कप संपेपर्यंत तो संपलासुद्धा.

"आजी, हा फायर खूप छोटी आहे," अन्वी म्हणाली.

"छोटाच हवा. तिला सवय होऊ दे."

"किती दिवस?"

"तिला हवे तितके."

दर काही दिवसांनी असा जाळ होऊ लागला, दर वेळी मागच्याहून चिमूटभर मोठा. माझी माती आतून घट्ट होत चालली, मला ते जाणवत होतं. तडा होता तिथंच होता, पण वाढला नाही. मग एका संध्याकाळी अरुणाबाईंनी निखाऱ्यांवर एक टपोरं वांगं ठेवलं. त्या वांग्याचा वास सुटला आणि कुंपणावरून कीथचं डोकं वर आलं. मार्चनंतर पहिल्यांदाच.

हा वास कसला, असं त्यानं विचारलं. अरुणाबाईंनी सांगितलं. मग धुरानं तुमच्या पत्नीला त्रास होतो का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, नाही, धूर वरून निघून जातो, ती तर दर वेळी पडदा सारून खिडकीतून तुमची शेगडी बघत असते. एवढं बोलून तो घरात गेला आणि एक डबा घेऊन फाटकातून आत आला. भट्ट्यांचे सांधे भरायचं काळं सिमेंट होतं त्यात, आगीत टिकणारं. होळीच्या पुढच्याच आठवड्यात त्यानं ते आणून ठेवलं होतं, पण आमची बेल वाजवायचं धाडस काही झालं नव्हतं.

निखारे विझून मी पूर्ण गार झाल्यावर कीथनं पट्टी घेऊन माझा तडा भरायला घेतला. मन मोठं, पण हात जड. गोळेच गोळे झाले. अरुणाबाईंनी थोडा वेळ बघितलं आणि मग शुद्ध मराठीत म्हणाल्या, "सरका." कीथ सरकला. त्यांनी हातमोजा चढवला, अंगठा पाण्यात बुडवला आणि करंजीची कड दाबतात तसा तो तडा वरपासून खालपर्यंत दाबत आणला. मला एकदम माहेरची आठवण झाली. आता माझ्या अंगावर दोन बायकांचे अंगठे आहेत, एक आत आणि एक बाहेर. भरीत डब्यात भरून शेजारी गेलं. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत आला तो आणखी मागायलाच.

हे सगळं परीक्षित स्वयंपाकघराच्या दारातून बघत असे. टिपचं नाव त्यानं टाकलं होतं. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तो खुर्ची घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. फोन घरातच ठेवून आला होता, हे विशेष. जाळ जेमतेम वीतभर होता. अरुणाबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या.

"आई, त्या दिवशी मी मॅचबॉक्स नाही घेतली ना," तो जाळाकडे बघत म्हणाला. "तुला वाटलं असेल मला एम्बॅरसिंग वाटतं."

"वाटलं होतं."

"तसं नव्हतं. ते बाबांचं काम होतं. मी लावली असती तर... मग बाबा रिअली नाहीत, असं झालं असतं."

अरुणाबाईंचे हात थांबले. मीही जळायची जरा थांबले असते, पण ते माझ्या हातात नाही. "मलाही तसंच वाटत होतं रे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर एवढी मोठी पेटवली मी. ते असल्यासारखी." मग त्यांनी शेंगांची मूठ त्याच्या हातात ठेवली. दोघं मायलेक जाळ विझेपर्यंत बसले. होळीचा विषय निघाला नाही. डील म्हणजे डील, अरुणाबाई तो काढणार नव्हत्याच. आणि मी इतके दिवस त्या मुलाला लाजरा समजत होते.

पुढचा मार्च आला. अरुणाबाईंनी मीनलला सांगून ठेवलं होतं की पोळ्या फॉइलमध्ये बांधून हॉलवर न्यायच्या. स्वतः साडी नेसून तयार झाल्या होत्या. माझ्याकडे येऊन त्यांनी मानेवरचं झाकण सरळ केलं. "तू काळजी करू नको," असं मला म्हणाल्या. आवाजावरून काळजी कुणाला होती ते कळत होतं.

एवढ्यात बागेचं फाटक वाजलं. परीक्षित ऑफिसातून लवकर आला होता. एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात कीथकडून आणलेला ड्रिल. कुणी काही विचारायच्या आत त्यानं नारळ गुडघ्यांत धरला, त्याच्या एका डोळ्यात ड्रिल घातला आणि भोक पाडलं. पाणी तांब्यात काढलं.

"अरे, हे काय? भोक पाडलेला नारळ होळीला?" अरुणाबाईंची भुवई वर गेली.

"पाणी काढलं की स्टीम नाही होत. स्टीम नाही तर बँग नाही."

"पण आपलं हॉलचं ठरलंय."

"डील काय होतं? प्रॉब्लेम झाला तर हॉल. आता प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला. मॅथ्स टीचर तू आहेस, तूच सांग."

अरुणाबाई नारळाकडे बघत राहिल्या. आयुष्यभर अख्खा नारळ वाहिलेला. देवाला उष्टं-अर्धवट देऊ नये, हे हाडीमाशी भिनलेलं. मी श्वास रोखला. मग त्यांनी तांब्या उचलला आणि माझ्याभोवती, माझ्या अंगावर थेंबही उडू न देता, ते नारळाचं पाणी गवतावर गोल धार धरून सोडलं. होळीभोवती पाणी फिरवायचंच असतं. "पाणी आधी, खोबरं मग," त्या म्हणाल्या. "देवाला कसली घाई आहे!"

लाकडं बेतानं रचली गेली. कीथ आणि त्याची बायको गळ्याला मफलर गुंडाळून, खुर्च्या घेऊन कुंपणापलीकडे बसले. अरुणाबाईंनी काड्यापेटी पुढे केली आणि परीक्षितनं ती घेतली. पहिली काडी विझली. दुसरी लागली.

आणि मी जळले, मित्रांनो! काय जळले! इतके महिने लहानसहान जाळ पचवून माझी माती खणखणीत झाली होती. ज्वाला पोटभर, धूर सरळ वर. नारळ आत गेला. सगळे दोन पावलं मागे सरकले आणि अन्वीनं कानांत बोटं घातली. नारळ नुसता फुसफुसला. थोड्या वेळानं परीक्षितनं तो चिमट्यानं बाहेर काढला, काळाकुट्ट, खरपूस, एकाच तुकड्यात.

आता काय यायला हवं, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणीच पुढे होत नव्हतं. ती जागा कमलाकररावांची होती. परीक्षितनं आईकडे पाहिलं. तोंडावर उलटा हात ठेवला आणि बोंब मारली.

ती मध्येच चिरकली. पण थांबली नाही. वाढत गेली, माझ्या मानेवरून, छपरांवरून पार स्टेशनच्या दिशेनं गेली. अरुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगदी त्यांच्यासारखी," त्या म्हणाल्या, आणि रडता रडता त्यांनीही एक ठोकली. मग अन्वीनं, मग मीनलनं. आणि मग कुंपणापलीकडून एक विचित्र, भित्रा, अगदी इंग्रजी आवाज आला. कीथ तोंडावर हात मारून बघत होता.

त्याला आता काही वर्षं झाली. दर होळीला मी पेटते आणि वर्षभर वांगी, शेंगा, मक्याची कणसंही भाजते. तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात माझ्यासारखी कुणी नवी आली, किंवा घरातलं कुणी गेलं, तर पहिला जाळ लहान ठेवा. मातीला वेळ द्या, ती तुम्हाला पुरून उरेल. तडा गेला म्हणून लगेच टिपचा रस्ता धरू नका, आधी ओला अंगठा लावून बघा. आणि पावसाचं लक्षण दिसलं की मानेवर झाकण ठेवायला विसरू नका.

आमच्याकडे ते काम आता परीक्षितचं आहे. थेंब पडायला लागला की तो मीटिंग अर्धी सोडून, पायात चप्पल नसली तरी धावत येतो.